गाणे ऐकविण्याची सत्ता

संगणक सुरू केल्यावर गाणी ऐकण्यासाठी जो म्युझिक प्लेअर पडद्यावर आधीपासूनच हजर असतो, तो कोणी निवडला आणि कोणाच्या हितासाठी निवडला, हा प्रश्न चळवळीतील कार्यकर्त्याला प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कापसाचा भाव, सोयाबीनची नापिकी आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे विदर्भाचे जिव्हाळ्याचे प्रश्न असताना गाणी वाजविणाऱ्या एका प्रोग्रॅमची चर्चा करणे हा रिकामपणचा उद्योग आहे, असेही कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि सत्ता नेहमी वाड्याच्या मोठ्या दरवाजानेच आत येते असे समजणे भाबडेपणाचे होईल. जी निवड आपण केलेली नसते आणि जी बदलता येईल हे आपल्या ध्यानीमनीही नसते, त्या निवडीच्या आडोशाला सत्ता सर्वांत निर्धास्तपणे नांदते. म्हणूनच हा लहानसा प्रश्न जरा बारकाईने तपासण्यासारखा आहे.

तो आजच उपस्थित होण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ साठी जी यंत्रसामग्री लागते ती अनेक जुन्या संगणकांत नाही. यंत्र धडधाकट आहे, त्याचे पैसे कधीच चुकते झाले आहेत, पण ते किती काळ सुरक्षितपणे चालावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र विकत घेणाऱ्याकडे राहिलेला नाही, अशी ही स्थिती आहे. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी, किंवा गिरड, नंदोरी, जाम अशा गावांत, एखाद्या शाळेकडे, वाचनालयाकडे वा युवक मंडळाकडे असे यंत्र पडून असेल, तर ते भंगारात द्यावे की त्यावर लिनक्स बसवून आणखी काही वर्षे वापरावे, हा विचार करावाच लागेल. दुसरा मार्ग शहाणपणाचा आहे हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या ग्रंथांची आवश्यकता नाही. परंतु तो मार्ग पत्करल्यावर लगेच पुढची पायरी येते : या यंत्रावर कोणते प्रोग्रॅम आधीपासून बसवून द्यायचे? गावातील मुले आणि माणसे ज्या कामासाठी संगणकाकडे प्रथम वळतात त्यांत गाणे ऐकणे हे एक मोठे काम आहे. त्यामुळे म्युझिक प्लेअरची निवड हा या परीक्षेतील पहिला प्रश्न ठरतो.

लिनक्सशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या मेळातून जी प्रणाली उभी राहिली तिचे वैशिष्ट्य असे की, ती वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना वाटण्याचा हक्क परवान्यानेच प्रत्येकाला मिळतो. मात्र सामान्य माणूस गाभा आणि शेकडो सुटे भाग स्वतः जुळवीत बसत नाही. ते काम वितरण तयार करणाऱ्या संस्था किंवा कंपन्या करतात. २००४ पासून कॅनॉनिकल कंपनी काढीत असलेले उबुंटू हे अशा वितरणांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. वितरणाच्या भांडारात हजारो प्रोग्रॅम असतात, पण प्रत्येक कामासाठी त्यांतला एकच पुढे करून बसविलेला असतो. या पुढे केलेल्या प्रोग्रॅमला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. निवड केली नाही तर जे आपोआप पदरात पडते ते डिफॉल्ट, असा त्याचा सरळ अर्थ.

‘न आवडल्यास बदलावे, कोणी हात धरला आहे?’ हे डिफॉल्टचे नेहमीचे समर्थन. बाजारपेठेच्या भक्तांचे हे आवडते उत्तर आहे आणि अनुभवाने ते खोटे ठरविले आहे. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली एका कंपनीतील निवृत्तिनिधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोकराने अर्ज केल्यास त्याला योजनेत घ्यायचे, ही पद्धत बदलून त्या कंपनीने नकार न दिल्यास योजनेत घ्यायचे, अशी पद्धत सुरू केली होती. निवडीचे स्वातंत्र्य दोन्ही पद्धतींत सारखेच होते, तरी दुसऱ्या पद्धतीत सहभागी होणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी वाढले. एवढेच नव्हे, तर बहुसंख्य नव्या सभासदांनी कंपनीने आधी ठरवून दिलेला वर्गणीचा दर आणि गुंतवणुकीचा प्रकारही तसाच ठेवला. स्वतःच्या म्हातारपणाच्या पैशाबाबत सुशिक्षित नोकरदार जर इतका निष्क्रिय राहतो, तर गाणी वाजविणारा प्रोग्रॅम शोधून, पारखून, बदलून घेण्याचे कष्ट गावातील शाळकरी मुलगी घेईल अशी अपेक्षा करणे हे वास्तवाकडे पाठ फिरविणे होय.

मक्तेदार भांडवलाला हे सत्य फार पूर्वी उमगले. विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्ट आपला मीडिया प्लेअर जोडून देत असे. २४ मार्च २००४ रोजी युरोपीय आयोगाने ही जोडणी स्पर्धाविरोधी ठरविली, कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोजही विक्रीस ठेवण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पण व्यवहारात काय घडले? कंपनीने प्लेअर नसलेली प्रत बाजारात आणली आणि तिची किंमत प्लेअर असलेल्या प्रतीइतकीच ठेवली. त्याच पैशात कमी वस्तू कोण घेणार? ती प्रत जवळजवळ कोणीच घेतली नाही. न्यायालयात जिंकलेली लढाई बाजारात अशी निष्फळ झाली. भारतातही असाच प्रसंग आला. मोबाइल संचांवर गूगलचे प्रोग्रॅम आधीपासून बसविण्याची सक्ती आणि तत्सम व्यवहारांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम केला. ज्या वस्तूला कोणीही सहज बदलू शकतो ती पडद्यावर बसविण्यासाठी जगातील बलाढ्य कंपन्या एवढी धडपड का करतात, याचा विचार केल्यास डिफॉल्टचे मोल ध्यानात येते.

येथपर्यंतचा भाग भांडवलशाहीच्या परिचित चरित्रात बसणारा आहे. परंतु खरा बोध पुढे आहे, कारण जेथे मालकीचा प्रश्न सुटला असे मानले जाते त्या मुक्त प्रणालीतही हाच संघर्ष झाला आणि तो नेमका म्युझिक प्लेअरवरूनच झाला.

उबुंटूमध्ये आरंभापासून रिदमबॉक्स हा प्लेअर असे. एप्रिल २०१० च्या आवृत्तीत त्याच्यातच कॅनॉनिकलने उबुंटू वन हे आपले गाण्यांचे दुकान जोडले. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतील ओरलँडो येथे भरलेल्या विकसकांच्या बैठकीत रिदमबॉक्सऐवजी बॅन्शी हा प्लेअर घेण्याचे ठरले आणि एप्रिल २०११ च्या आवृत्तीत तो आला. बॅन्शीमध्ये ॲमेझॉनच्या गाण्यांच्या दुकानाची सोय होती. त्या दुकानातून गाणे विकले गेले की ॲमेझॉन काही अडत देई आणि बॅन्शीच्या विकसकांनी ती सर्वच्या सर्व अडत ग्नोम फाउंडेशन या ना-नफा संस्थेला अर्पण केली होती. ज्या सार्वजनिक पायावर आपला प्रोग्रॅम उभा आहे त्या पायाच्या डागडुजीसाठी आपल्या श्रमाचे फळ द्यावे, ही त्यामागील भावना होती.

बॅन्शी डिफॉल्ट होणार हे ठरताच कॅनॉनिकलने विकसकांपुढे दोन पर्याय ठेवले. ॲमेझॉनचे दुकान बंद स्थितीत ठेवावे आणि ज्याला हवे त्याने ते सुरू करावे, म्हणजे सर्व अडत ग्नोमकडे जाईल. किंवा दुकान सुरू ठेवावे, पण मग ७५ टक्के कॅनॉनिकल घेईल आणि २५ टक्के ग्नोमला मिळतील. विकसकांनी मतदान करून पहिला पर्याय स्वीकारला. त्यानंतर, फेब्रुवारी २०११ मध्ये, कॅनॉनिकलने आपला विचार बदलल्याचे कळविले. दुकान सुरूच राहील आणि वाटणी ७५ व २५ अशीच होईल, मात्र उबुंटू वन दुकानाच्या उत्पन्नातूनही २५ टक्के ग्नोमला दिले जातील, असा हा नवा निर्णय होता. मुक्त प्रणालीच्या जगात त्यावर मोठा क्षोभ उसळला.

कायद्याच्या दृष्टीने कॅनॉनिकलचे काही चुकले नव्हते. बॅन्शीचा परवाना कोणालाही कोणताही बदल करण्याची मुभा देत होता. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाती प्रोग्रॅम होता, वापरणाऱ्यांच्या हाती तो बदलण्याचा हक्क होता, पण लाखो संगणकांपर्यंत जाणारा दरवाजा वितरण करणाऱ्या कंपनीच्या हाती होता आणि दरवाजा ज्याच्या हाती त्याने वाटणी ठरविली. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. जमीन त्याची, बियाणे त्याने विकत घेतलेले, घाम त्याचा, कापूसही कागदोपत्री त्याचाच. पण काटा कोणाचा, प्रत कोण ठरविणार आणि भाव कोण पुकारणार? उत्पादनाच्या साधनांची मालकी हा समाजवादी विचाराचा पाया खराच, परंतु उत्पादक आणि उपभोक्ता यांच्यामधल्या दरवाजावर ताबा कोणाचा, हा प्रश्न त्या मालकीइतकाच निर्णायक असू शकतो. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली ती याच जाणिवेतून आली होती. पुढे तिचे काय झाले हा वेगळा विषय आहे, पण रोग कोठे आहे याचे तिचे निदान चुकीचे नव्हते.

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. उबुंटू फुकट वाटले जाते, पण ते फुकट तयार होत नाही. पगार, सर्व्हर, सुरक्षा-दुरुस्ती या सर्वांना पैसा लागतो आणि तो कोठून तरी उभा करावा लागतो. दरवाजा उभारणाऱ्याने त्याच्या देखभालीसाठी काही भाग मागणे यात मूलतः अन्याय नाही. सहकारी संस्थाही सभासदाच्या मालातून कपात करतेच. फरक असा की, तेथे कपातीचा दर सभासदांच्या सभेपुढे येतो, निदान यावा अशी अपेक्षा असते. कॅनॉनिकलने मत विचारले आणि आलेले मत बाजूला सारून निर्णय घेतला. आक्षेप वाटणीच्या आकड्यापेक्षा या पद्धतीला अधिक आहे.

पुढील घटनाक्रमही बोधप्रद आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये पुन्हा ओरलँडो येथेच भरलेल्या बैठकीत बॅन्शी काढून रिदमबॉक्स परत आणण्याचे ठरले आणि एप्रिल २०१२ च्या आवृत्तीत तसे झाले. बॅन्शी ज्या मोनो या पायावर उभा होता तो सीडीवर जागा अडवितो, ग्नोमच्या नव्या तिसऱ्या पिढीशी बॅन्शी अजून जुळलेला नाही, लहान शक्तीच्या यंत्रांवर तो नीट चालत नाही, अशी कारणे पुढे आली. मोनो हा मायक्रोसॉफ्टच्या तंत्राला अनुसरून घडविलेला असल्यामुळे त्यावर पुढेमागे पेटंटचे सावट येईल, ही भीतीही अनेकांना आधीपासून होती. कारणे योग्य होती की नव्हती याबद्दल मतभेद झाले. पण एका वर्षात लाखो लोकांच्या पडद्यावरील प्लेअर दोनदा बदलला आणि ज्यांच्यासाठी तो बदलला त्यांपैकी फारच थोड्यांना याचा पत्ता होता. बैठका खुल्या होत्या हे मान्य केले पाहिजे. मात्र ओरलँडोला जाण्याचे भाडे आणि इंग्रजीतून वाद घालण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याच्यासाठीच त्या खऱ्या अर्थाने खुल्या होत्या. ज्या ॲमेझॉनच्या दुकानावरून हा सारा वाद झाला, त्यातून भारतीय ग्राहकाला त्या वेळी गाणे विकतही घेता येत नव्हते. ॲमेझॉनने भारतात आपले दालन उघडले ते २०१३ साली. उबुंटू वनचे दुकान २०१४ साली बंद झाले. दूरच्या दुकानाचा दरवाजा मात्र भारतीय यंत्रावर दिमाखाने उभा होता.

परक्या गरजा डिफॉल्टच्या वाटेने आपल्याकडे कशा येतात याचे याहून ठळक उदाहरण एमपी३ या गाण्यांच्या साच्याचे आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि तिचे सहकारी यांची या साच्यावर पेटंटे होती. त्यामुळे फेडोरासारखी अनेक वितरणे एमपी३ वाजविण्याची सोय डिफॉल्ट म्हणून देत नसत. ती सोय मागाहून, आडवाटेने बसवून घ्यावी लागे. हा परवाना-व्यवहार २३ एप्रिल २०१७ रोजी संपला. भारतीय कायद्याची स्थिती मात्र वेगळी होती. २००२ च्या दुरुस्तीने निव्वळ संगणक-प्रोग्रॅमला पेटंटबाहेर ठेवले होते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे दार किलकिले करण्याचा प्रयत्न केला, पण २००५ मध्ये संसदेत कायदा होताना डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे ते कलम गळाले. म्हणजे येथील लोकशाहीने आपल्या नागरिकांसाठी जी मोकळीक राखली होती, तिचा उपयोग होण्याआधीच अमेरिकेतील कायद्याच्या धाकाने ठरलेले डिफॉल्ट येथील यंत्रांवर येऊन बसत होते. संसदेने जे दिले ते एका सीडीने काढून घेतले. कार्यकर्त्यांनी कायद्यावर जितके लक्ष ठेवावे तितकेच या मुक्या निर्णयांवरही ठेवले पाहिजे, ते यासाठीच.

मग निवड कशी करावी? याचे उत्तर शोधताना फार दूर जाण्याचे कारण नाही. साधनाचा विचार कसा करावा याचा एक नमुना वर्धा जिल्ह्याच्या परिचयाचा आहे. १९३४ साली वर्ध्यातील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा तेथे लहान साधनांचे अर्थशास्त्र मांडू लागले. साधन हे माणसाच्या आणि गावाच्या मापाचे हवे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्याच्याही आधी, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या घोषणेतील अटी आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, झोपडीत हाताने किंवा पायाने चालविता यावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, वेळोवेळी देखभाल केल्यास ते निदान २० वर्षे चालावे. संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असल्यास ते हक्क संघाच्या स्वाधीन करावेत. किंमत, टिकाऊपणा, दुरुस्ती आणि मालकी या चारही बाबींचा एकत्र विचार करणारी ही अटींची यादी कोणत्याही शाळेच्या संगणकखोलीत टांगण्याच्या योग्यतेची आहे. चरख्याकडे पाहण्याच्या गांधीजींच्या दृष्टीशी समाजवाद्यांचे मतभेद होते आणि आहेत, परंतु साधन स्वीकारण्यापूर्वी त्याला प्रश्न विचारण्याची ही शिस्त कोणत्याही मतभेदाच्या पलीकडची आहे.

या शिस्तीने विचार केल्यास समुद्रपूरच्या वाचनालयासाठी कसोट्या सहज ठरतात. पहिली कसोटी अशी की, प्लेअर जुन्या, कमी स्मृतीच्या यंत्रावर आणि इंटरनेट नसतानाही चालला पाहिजे. इंटरनेट तुटताच जो मुका होतो तो प्लेअर गावाच्या कामाचा नाही. दुसरी, त्याने कोणत्याही दुकानाचा दरवाजा आपल्या पोटात आणू नये, आणला असल्यास तो बंद स्थितीत असावा. तिसरी, त्याची दुरुस्ती आणि सुधारणा करण्याचा हक्क सर्वांना असावा आणि ते काम प्रत्यक्ष करणारी माणसे असावीत, कारण निव्वळ परवान्याने प्रोग्रॅम जिवंत राहत नाही. बॅन्शीचे काम पुढे थंडावले हे ताजे उदाहरण आहे.

चौथी कसोटी भाषेची आणि ती सर्वांत अधिक दुर्लक्षिलेली आहे. गाण्याचे नाव देवनागरीत लिहिता आले पाहिजे, देवनागरीत शोधता आले पाहिजे आणि पडद्यावरील सूचना मराठीत असल्या पाहिजेत. ग्नोमचे मराठी भाषांतर झालेले आहे आणि रेड हॅटच्या पुढाकाराने निघालेले लोहित टंकही मुक्तपणे मिळतात. पाया तयार आहे, पण जुन्या टंकांत लिहिलेली गाण्यांची नावे युनिकोड यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात आणि ती पुन्हा टंकित करण्याचे काम गावातील मुलांनाच करावे लागेल. त्यातही एक अडचण आहे. बहुतेक प्लेअर कलाकार, संग्रह आणि शीर्षक अशी खाती पुढे करतात. विलायती ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारासाठी हा साचा सोयीचा आहे. वामनदादा कर्डकांचे गीत किंवा अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांचा पोवाडा ज्याला ऐकायचा आहे त्याला ते कोणी रचले हे आधी हवे असते, गायक नंतर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरीवरचे भजन गावोगावची मंडळे गातात. तेथे कोणत्या गावच्या मंडळाने ते गायिले ही माहिती ‘संग्रहा’हून महत्त्वाची ठरते. जात्यावरच्या ओवीला तर कलाकाराचे नावच नसते आणि प्लेअर तिच्यापुढे ‘अज्ञात’ असा शिक्का मारतो. ज्या बाईच्या कंठातून ती आली ती अज्ञात कशी? खाते चुकीचे आहे, बाई नव्हे.

कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा या लहान वस्तीच्या शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे छोटे संगणक आले. ते लिनक्सवर चालत आणि त्या संगणकासाठी टॅमटॅम हा प्रोग्रॅम घडविण्यात आला होता. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात तयार झालेला हा प्रोग्रॅम मुलांना गाणे ऐकविण्यापेक्षा त्यांच्याकडून ते तयार करून घेण्यासाठी होता. योजनेच्या एकूण यशापयशाबद्दल मतभेद आहेत आणि त्यांतील कित्येक साधार आहेत. पण मूल हे केवळ श्रोता व गिऱ्हाईक नसून रचना करणारेही आहे, हे तेथे डिफॉल्टमध्येच मान्य केले होते. वितरण सिद्ध करणाऱ्याची माणसाविषयीची कल्पना त्याच्या डिफॉल्टमधून अशी प्रकट होते.

या कसोट्या लावून आज पाहिल्यास गावातील सामायिक संगणकासाठी रिदमबॉक्स हा साधा, स्थानिक संग्रह सांभाळणारा प्लेअर डिफॉल्ट ठेवावा आणि कोणत्याही साच्यातील ध्वनी वा चित्रफीत वाजविणारा व्हीएलसी त्याच्या जोडीला द्यावा, हा निर्णय सयुक्तिक दिसतो. व्हीएलसीचा उगम १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात झाला. फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास त्याचे संकेतस्थळ भारतात अडविण्यात आले आणि कायदेशीर नोटीस गेल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मोकळे झाले. त्या काळातही लिनक्स वितरणांच्या भांडारांतून तो मिळत राहिला. एकच दरवाजा असण्यापेक्षा अनेक दरवाजे असणे नागरिकांच्या हिताचे आहे, हे यावरून दिसते. उबुंटूने २०२३ च्या ऑक्टोबरपासून मूळ मांडणीच किमान ठेवली आणि प्लेअरसारखे प्रोग्रॅम विस्तारित मांडणीत ढकलले. काहींना यात निवडीचे स्वातंत्र्य दिसते. परंतु निवड न करणे ही देखील एक निवडच असते. यंत्रात प्लेअर नसेल तर मूल ब्राउझर उघडील आणि जाहिरातींनी भरलेल्या एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाईल. मोकळी ठेवलेली जागा फार काळ मोकळी राहत नाही, तेथे सर्वांत बलवान येऊन बसतो.

तरीही ‘रिदमबॉक्स’ हे उत्तर या विवेचनाचे सार नव्हे. उद्या याहून चांगला प्लेअर येईल आणि तेव्हा तो घ्यावा. सार हे की, सार्वजनिक यंत्रावरील डिफॉल्ट ठरविणे हा सार्वजनिक निर्णय आहे आणि तो सार्वजनिक रीतीनेच व्हावा. केरळने शाळांसाठी आपले स्वतःचे लिनक्स वितरण सिद्ध केले आणि २०१९ साली त्याची नवी आवृत्ती दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी दिली. कोणते प्रोग्रॅम त्यात असावेत हा तेथे शिक्षणखात्याच्या धोरणाचा विषय झाला. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांना संगणकाची ओळख करून दिली, हे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्या ओळखीत मायक्रोसॉफ्टची साधने केंद्रस्थानी राहिली आणि संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण एका पिढीच्या मनात डिफॉल्ट होऊन बसले. हे समीकरण कोणी ठरविले, कोणत्या सभेत ठरविले, त्याला पर्याय मांडले गेले काय, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

समुद्रपूर तालुक्यातील कार्यकर्त्यांना याची सुरुवात करण्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या वाचनालयाने जुने संगणक लिनक्सवर आणायचे ठरविल्यास ते वापरणाऱ्यांची एक सभा बोलवावी. शाळेतील मुले, भजनी मंडळातील माणसे, भीमगीते गाणारे तरुण, बचत गटातील स्त्रिया या सर्वांनी दोन-तीन प्लेअर चालवून पाहावेत आणि काय अडते ते सांगावे. निर्णय आणि त्याची कारणे मराठीत लिहून भिंतीवर लावावीत. निर्णय बदलण्याची रीतही त्याच कागदावर लिहावी आणि वर्षातून एकदा त्याचा फेरविचार करावा. यास खर्च काही नाही, लागते ती चिकाटी. एवढ्या लहान गोष्टीत लोकांनी ठरविण्याची सवय लागली नाही, तर बाजार समितीच्या काट्याबद्दल आणि पीक विम्याच्या अटींबद्दल ती कोठून लागणार? तेथेही अर्जातील चौकट आधीच कोणीतरी भरून ठेवलेली असते आणि शेतकऱ्याकडून केवळ सहीची अपेक्षा असते. सही करण्यापूर्वी चौकट कोणी भरली हे विचारणारा नागरिक घडविणे हे चळवळीचे काम आहे आणि ते गाण्याच्या यंत्रापासून सुरू झाले तरी हरकत नाही.